ताप उतरल्यानंतरची ड्यूटी

मी नर्स आहे. पालघर जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात काम करते आणि त्यातली बहुतेक वर्षं लेबर रूममध्ये गेली आहेत. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण हे दुखणं माझं होतं, रुग्णालयाचं नव्हे. घर चिंचणीला. घरी नवरा, सासूबाई आणि सहावीतली मुलगी तन्वी.

चिकुनगुनिया होऊन गेलेली माझ्यासारखी एखादी सिस्टर, एखादी आशाताई किंवा लॅबमधली मुलगी हे वाचत असेल, तर तिच्यासाठी लिहितेय. ताप किती चढतो, पाणी किती प्यायचं, हे तिला ठाऊकच असतं. आपणच ते दिवसभर लोकांना सांगत असतो. ताप उतरल्यावर काय होतं, ते मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

*

त्या पावसाळ्याअखेरीस बोईसरकडून तापाचे पेशंट सारखे येत होते. एकेका खोलीत पाच-सहा जण राहणारी कारखान्यातली माणसं. दोघांच्या खांद्यावर हात टाकून, पाय ओढत यायची. "सिस्टर, पैर जमीन पे नहीं रखा जाता," म्हणायची. दांडी, तारापूरकडूनही यायचे. ओपीडीत बाकं पुरत नव्हती.

मी लेबर रूममध्ये होते. सकाळी एका बाईचं बीपी बघायला पट्टा बांधला आणि रबरी फुगा दाबायला गेले, तर हात दाबेना. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा मनगटातून कोपरापर्यंत कळ गेली. रात्री हात अंगाखाली आला असेल म्हणून दुसऱ्या हाताने दाबला. तोही तसाच.

दुपारपर्यंत दात वाजायला लागले. आमच्या कमल मावशी लेबर रूमची साफसफाई बघतात. त्यांनी पाठीला हात लावला आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुमी भट्टीसारख्या तापल्यात. बसा आधी."

बसले ती मला स्टूलवरून उठता येईना. गुडघे जणू दुसऱ्याच कुणाचे होते. डॉक्टर मॅडम आल्या, रक्त पाठवलं, रिपोर्ट आला. मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "मनीषा, चिकुनगुनिया."

मी म्हटलं, "ती कोपऱ्यातली पहिलटकरीण आहे ना, तिचं झालं की मी जाते."

"तिचं वैशाली बघेल. तू आता ड्यूटीवर नाहीस. फीमेल वॉर्डात खाट लावायला सांगितलीय."

मी विचारलं, "हात कधी बरे होतील?"

मॅडमनी माझी बोटं हलकेच दाबून बघितली. मग म्हणाल्या, "ताप आठवड्याभरात जाईल. सांध्यांचं खोटं सांगत नाही. काहींचे लवकर सुटतात, काहींना महिने लागतात."

मरणाची भीती मला वाटली नाही. मी माझ्या बोटांकडे बघत होते. सुजून ती कुणी फुंकर मारून फुगवल्यासारखी दिसत होती. ज्या कामावर माझं सगळं उभं होतं, ते या दहा बोटांनी होत होतं.

*

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर दांडीची एक म्हातारी होती. मासे विकून उभा जन्म काढलेली बाई, आवाज खणखणीत. तिलाही हाच ताप.

"तू सिस्टर ना गो? मग तुला कसा झाला ताप?"

"डास काय विचारून चावतो का, आजी?"

ती हसली. मीही हसले आणि हसताना जबड्याच्या सांध्यातून कळ आली, म्हणून रडले. म्हातारी म्हणाली, "हस पन आनि रड पन. हिकडे कोन बघतंय?"

आजारात माणूस कशाकशाला महाग होतो ते तिथे कळलं. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवता येईना. चपातीचा तुकडा मोडता येईना. एकदा मी बाथरूममध्ये गेले, दाराची कडी कशीबशी लावली, पण परत काढता येईना. रोज ज्या वॉर्डातून मी ताठ चालत जायचे, तिथल्या बाथरूममधून "कुणी आहे का?" म्हणून हाका मारत होते. कमल मावशी धावत आल्या. बाहेरून दार हलवून हलवून कडी सुटली. त्या दिवसापासून मी गेले की त्या दाराशी पाठ करून उभ्या राहायच्या. कडी लावायची गरजच उरली नाही. जेवायच्या वेळी येऊन चपाती वरणात कुस्करून चमचा माझ्या मुठीत बसवून द्यायच्या. हे त्यांच्या कामात बसत नव्हतं. त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

वैशाली रोज ड्यूटी संपली की यायची. आम्ही दोघी बरीच वर्षं लेबर रूममध्ये जोडीने काम केलेल्या. ती माझे केस विंचरायची आणि आज कोण आलं, कुणाला काय झालं ते सांगायची. तेवढ्या वेळात मी पेशंट नसायचे.

*

ताप खरंच आठवड्याभरात गेला. घरी आले, आणि खरा आजार तिथे सुरू झाला.

ताप असतो तेव्हा घरातले सगळे जपतात. ताप उतरला की बघणाऱ्याला तुम्ही बऱ्या झालेल्या दिसता. शेजारपाजारचे येऊन म्हणायचे, "तोंडावर तेज आलंय हो आता." मी मान डोलवायचे. सकाळी खाटेवरून पाय खाली टेकवताना मात्र भिंत धरावी लागायची. जमीन काट्यांची वाटायची.

माझे मिस्टर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात आहेत, शिफ्टची नोकरी. पहिल्या पाळीला जायच्या आधी, खांद्यावर डबा अडकवलेला असतानाच ते माझ्या ब्लाउजचे हूक लावायचे. कंपनीच्या बसची वेळ झालेली असायची. एखादा हूक चुकायचा, पुन्हा काढून लावायचे. मला त्या चुकलेल्या हुकाची इतकी लाज वाटायची की मी गाऊनवरच दिवस काढायला लागले.

एके दिवशी चहा गाळताना पातेलं हातातून निसटलं. पक्कड धरली होती, पण पकड कधी सुटली ते कळलंच नाही. उकळता चहा ओट्यावरून खाली, तन्वीच्या पायाजवळ. तिला लागलं नाही. तीच म्हणाली, "आई, काही नाही झालं मला." पण त्यानंतर मी ओट्याशी उभी राहिले की ती दोन पावलं मागे सरकायची. तिच्या ते लक्षातही नसेल. माझ्या लक्षात होतं.

त्या संध्याकाळी मिस्टर म्हणाले, "लेबर रूम सोड ना आता. ऑफिसात, स्टोअरला, कुठंतरी बदली माग. देतील."

मला राग आला. "उद्या तुम्हाला मशीनवरून उठवून गेटवर बसवलं तर बसाल?"

"गेटवर बसलो तर कुणाचा जीव जात नाही, मनीषा." त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं. "तुझ्या हातात बाळ असतं. मला भीती वाटते."

तीच भीती मलाही होती. चहाचं पातेलं पडलं तेव्हा मला चहा दिसलाच नव्हता. मला दुसरंच काहीतरी निसटताना दिसलं होतं.

आम्ही दोन दिवस एकमेकांशी धड बोललो नाही. सासूबाईंनी ते बघितलं. त्या कमी बोलतात. चिकूची वाडी सांभाळण्यात आयुष्य गेलं, अजूनही सकाळ झाली की वाडीत एक फेरी मारतात. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिजवून मोड आणलेले वाल ताटात ओतले, ताट माझ्या पुढ्यात सरकवलं आणि म्हणाल्या, "सोल."

"आई, बोटं मिटत नाहीत माझी."

"पाच सोल, धा सोल. बाकीचे मी सोलते. हितं तुझी कोन परीक्षा घेत नाय."

ज्यांनी वाल सोललेत त्यांना माहीत आहे, दाणा चिमटीत धरून नुसता दाबला की सालातून सुळकन बाहेर येतो. लहान मुलालाही जमेल. मला पहिल्या दिवशी चार जमले आणि घाम फुटला. सासूबाईंनी बाकीचे सोलले, बिरडं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट पुढ्यात. आमच्याकडे त्या दिवसांत इतक्या वेळा बिरडं झालं की तन्वी वैतागली.

रुग्णालयातल्या फिजिओथेरपीच्या ताईंनी व्यायाम दिले होते. गरम पाण्यात हात बुडवायचे, अंगठ्याने एकेका बोटाच्या टोकाला शिवायचं. करंगळीपर्यंत अंगठा पोचायचा नाही. ज्या दिवशी पोचला, त्या दिवशी मी शाळेतून आलेल्या तन्वीला दारातच थांबवून दाखवलं. ती दप्तर न काढता म्हणाली, "परत कर." मी परत केलं.

*

रजा संपली. डॉक्टर मॅडमनी फिटनेस लिहून दिला, पण हलक्या कामाचा. लेबर रूम नाही, ओपीडी.

पहिल्या दिवशी सगळे भेटून गेले. "छान दिसतेस गं, बारीक झालीस," असंही कुणी म्हणालं. तासाभरात माझे घोटे सुजले. मी स्टूल ओढून बसले. रांगेतली एक बाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "बघा, बसून कामं चालतात यांची." मी मान वर न करता केसपेपर घेतला आणि पुढच्याला बोलावलं. उभी राहिले असते तर तिला बरं वाटलं असतं, पण दुपारी मला कुणीतरी उचलून न्यावं लागलं असतं.

मग एका तरुण कामगाराला सलाईन लावायचं होतं. शीर चांगली होती, दिसत होती. सुई धरली आणि टोक थरथरलं. आत गेली, पण शिरेत नाही. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सिस्टर, नई हो क्या?"

मी सुई काढली, कापूस दाबून धरायला सांगितलं आणि शेजारच्या सिस्टरला हाक मारली. दुसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. तो हात त्याचा होता, माझ्या सरावासाठी नव्हता. हे सगळं नीट केलं आणि मग स्टोअरमध्ये जाऊन कापसाच्या गठ्ठ्यावर बसून रडले.

वैशाली मला शोधत तिथे आली. दार लोटून समोर उभी राहिली. मला वाटलं, पाठीवर हात फिरवेल. तिने फिरवला नाही.

"एक सांगू? तू आलीस म्हणून मला खूप बरं वाटलं. आणि तू ओपीडीत बसलीस म्हणून रागही आला. दोन्ही खरं आहे."

"वैशाली..."

"बोलू दे मला. तू नव्हतीस तेव्हा तुझ्या ड्यूट्या मीच केल्या. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं. तिला म्हटलं, मनीषा आली की करू. मनीषा आली, आणि लेबर रूममध्ये मी एकटीच."

मी म्हटलं, "मला यायचं नाही असं वाटतं का तुला? हात चालत नाहीत गं माझे."

ती खाली बसली. माझा उजवा हात मांडीवर घेऊन बोटं उलगडून बघितली, पेशंटची बघतात तशी. मग म्हणाली, "सगळं करायला कोण सांगतंय? डोळे चालतात ना? कान चालतात? बाईला धीर द्यायला, पोट बघायला, ठोके ऐकायला बोटांची ताकद लागत नाही. तेवढं तू घेतलंस तरी मला श्वास मिळेल."

आम्ही दोघी तशाच उठून इन्चार्ज सिस्टरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला.

"लेबर रूममध्ये अर्धी सिस्टर नसते, मनीषा. बाळ रडलं नाही तर तिथे जो असेल त्याला बॅग दाबता आली पाहिजे. ती मला करून दाखव. मग बघू."

नवजात बाळाला श्वास द्यायची रबरी पिशवी असते. तोंडावर मास्क घट्ट बसवून ती पिशवी लयीत दाबायची. शिकवण्यासाठी आमच्याकडे रबरी बाहुली आहे. हवा नीट गेली तरच तिची छाती वर येते. मी इन्चार्जसमोर उभी राहिले, दाबली. छाती हलली नाही. पुन्हा दाबली. नाही.

"पुढच्या आठवड्यात," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, दयाही नव्हती. त्यांनी दया दाखवली असती तर मी बहुतेक परत आले नसते.

मग जेवणाच्या सुट्टीत मी आणि ती बाहुली. डबा अर्धा खाऊन उठायचे. कधी पकड सुटायची, कधी मास्कच्या कडेने हवा फुसकन जायची. कमल मावशी दारात उभ्या राहून बघायच्या आणि म्हणायच्या, "हलली नाय. आता हलली जराशी." काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की डावा हात उजव्यापेक्षा लवकर मोकळा होतोय. इतकी वर्षं उजव्याने पिशवी दाबली होती. मी हात बदलले. मास्क उजव्याने धरला, पिशवी डाव्यात घेतली. विचित्र वाटलं, जसं डाव्या हाताने जेवावं. पण छाती वर आली. मग पुन्हा आली.

इन्चार्जना दाखवलं. त्यांनी मला थांबू दिलं नाही, "चालू ठेव, चालू ठेव," म्हणत राहिल्या. हात जळायला लागला तेव्हा म्हणाल्या, "बस. सोमवारपासून वैशालीबरोबर. एकटी नाही."

*

सुरुवातीचे काही दिवस मी फक्त बघणं, तपासणं, धीर देणं केलं. मग एका दुपारी दोन्ही टेबलं भरली. एका टेबलावरच्या बाईचं रक्त थांबत नव्हतं. मॅडम आणि वैशाली तिच्यापाशी. दुसऱ्यावर सविता, डोंगराकडच्या पाड्यावरची पहिलटकरीण. तिच्यापाशी मी आणि कमल मावशी.

सविताने कळ आली तशी माझं मनगट धरलं. डोळ्यांपुढे अंधार आला. मी म्हटलं, "सविता, हा हात सोड, तो दुखतोय. हा टेबलाचा दांडा धर, हवा तेवढा जोर लाव."

"तू जाशील."

"नाही जात. इथेच आहे, बघ."

बाळाचं डोकं दिसलं. तळहाताचा आधार द्यायचा असतो, तिथे बोटांचं फार काम नसतं. तळहात माझे ठीक होते. बाळ आलं. मुलगी. मऊ, निळसर, आणि गप्प.

पुसलं, पाठ चोळली. गप्प. नाळेला क्लॅम्प लावायला घेतला. छोटी प्लास्टिकची चिमटी, टक् करून बंद करायची. माझ्या बोटांनी ती बंद होईना. एकदाच प्रयत्न केला आणि मोठ्याने ओरडले, "वैशाली, क्लॅम्प लाव!"

वैशालीने शेजारच्या टेबलापासून एक पाऊल टाकलं, हातमोजा बदलला, क्लॅम्प दाबला, नाळ कापली आणि परत तिकडे वळली. मी बाळ ऊब देणाऱ्या वॉर्मरवर ठेवलं. मास्क उजव्यात, पिशवी डाव्यात. दाबली. छाती वर आली. पुन्हा. कमल मावशी माझ्या कोपराला खालून हात लावून उभ्या होत्या, आणि सविता विचारत होती, "रडत का नाय? सिस्टर, ती रडत का नाय?"

मी दाबत राहिले. मनगटात आग होत होती. मग मास्कखाली काहीतरी हललं. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि आधी मांजरासारखं, मग चांगलं खणखणीत रडायला लागलं.

"रडली," मी म्हटलं.

शेजारच्या टेबलावरच्या बाईचं रक्तही तोवर थांबलं होतं. मॅडमनी सविताला टाके घातले. मला हातमोजे काढता येईनात, बोटं इतकी सुजली होती. वैशालीने ते एकेका बोटावरून सोडवले. पुढच्या आठवड्यात तिने आईच्या ऑपरेशनची तारीख घेतली.

बाहेर सविताची सासू भिंतीला टेकून बसली होती. तिला नात दाखवली. तिने आधी बाळाकडे, मग माझ्या हातांकडे बघितलं. "तुझ्या हाताला काय झाला, बाय?"

"ताप आला होता, आजी."

"आमच्या पाड्यावर बी आला व्हता," ती म्हणाली आणि नातीला जवळ घेतलं.

*

घरी आल्यावर मिस्टरांना सगळं सांगितलं. क्लॅम्प लागला नाही, तेही सांगितलं. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "हाक मारलीस ना?" मी म्हटलं, "मारली." त्यानंतर बदलीचा विषय त्यांनी काढला नाही.

तुम्ही हा आजार काढून कामावर परत जात असाल, तर एवढंच सांगते. बऱ्या दिसता म्हणून बऱ्या आहात असं कुणाला वाटू देऊ नका, स्वतःलाही नाही. स्टूल मागा. कुठलं काम जमतं आणि कुठलं नाही, ते आधी सांगा. मदतीची हाक मारायला लाजू नका. आपल्या लाजेची किंमत समोर टेबलावर असलेल्या बाईला मोजावी लागते. आणि तुमच्या जागी जिने कामं ओढली, तिचा राग ऐकून घ्या. तिलाही दुखलेलं असतं.

मी पूर्वीसारखी झालेले नाही. थंडीत घोटे धरतात. एखादी सकाळ अशी येते की दात घासायचा ब्रशही जड वाटतो. टाके मी अजून घालत नाही. पण इन्चार्ज सिस्टरांनी मला पुन्हा लेबर रूमची पूर्ण ड्यूटी दिली आहे. ज्या दिवशी बोटं ऐकत नाहीत, त्या दिवशी मी तसं दारातच सगळ्यांना सांगते. मग आत जाते.